पॅरामेट्रिक की नॉन-पॅरामेट्रिक? गाईड एक सांगतात, आकडेवाला दुसरंच

निपाणीची_फिजिओ

नमस्कार सगळ्यांना. मी बेळगावात एमपीटी (फिजिओथेरपीची मास्टर्स) करायलेय, फायनल इयर, घर निपाणीला. थीसिसचा डेटा गोळा झालाय खरं पुढं कुठली टेस्ट लावायची तिथं गाडी अडकलीय. विषय असा आहे की घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांना मान, खांदे आणि मनगट दुखायचा त्रास असतो. मांडीवर सूप, मान खाली, कातरीनं पानं कापायची आणि वळायचं, मजुरी हजारी हिशेबानं मिळते त्यामुळं मधे कोण उठत नाही. त्यातल्या ३६ जणी घेतल्या, चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, १८ जणींना ६ आठवडे व्यायाम करून घेतला आणि १८ जणींना नुसता सल्ला, कसं बसायचं, मधे मधे उठा वगैरे.

मोजलं काय तर हाताच्या पकडीची ताकद किलोत (डायनामोमीटरनं), दुखण्याचा स्कोर ० ते १० (बऱ्याच जणींना आकडा सांगता येईना म्हणून चेहऱ्यांची पट्टी दाखवली), आणि रोजच्या कामात किती अडचण येते त्याची दहा प्रश्नांची प्रश्नावली, प्रत्येकी ० ते ४, एकूण ४० पैकी. प्रश्नावली मराठीत पण आणि कन्नडमध्ये पण. सगळं आधी एकदा आणि ६ आठवड्यांनी एकदा.

आता गोंधळ. गाईड म्हणतात एकेका गटातलं सॅम्पल ३० च्या खाली आहे म्हणजे डोळे झाकून नॉन-पॅरामेट्रिक (आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमांकावर चालणारी टेस्ट). शहरात एक जण पैसे घेऊन अ‍ॅनालिसिस करून देतो, तो म्हणतो सगळ्याला टी-टेस्ट (सरासऱ्यांची तुलना करणारी, पॅरामेट्रिक) मारतो, मॅडम काळजी करू नका, पी येतंय (पी म्हणजे खरा फरक नसताना पण एवढा फरक नुसत्या योगायोगानं दिसायची शक्यता, ०.०५ च्या खाली आली की निकाल धरतात). मैत्रिणीनं ३६ जणींचे नंतरचे आकडे एकत्र टाकून शॅपिरो-विल्क (डेटा नॉर्मल आहे का ते तपासणारी टेस्ट) लावली, ती म्हणते पी ०.०५ च्या खाली आलं म्हणजे नॉर्मल नाही (मधे उंच आणि दोन्हीकडं सारखा उतरणारा घंटीचा आकार नाही), विषय संपला. तिघांची तीन तोंडं. मी कुणाचं ऐकू? आणि जरा समजेल असं सांगा की ओ, पुस्तकात तक्ता असतो तो पाठ आहे माझा, खरं तो का तसा आहे ते कळत नाही.

---

कॅम्पातला_आरवाला

अक्का तिघांचंही ऐकू नका 😄

आधी एक सांगा, तुमचा प्रश्न नेमका काय आहे? "व्यायामवाल्या बायकांत फरक पडला का" हा एक प्रश्न झाला, आणि "व्यायामवाल्यांत सल्लावाल्यांपेक्षा जास्त फरक पडला का" हा वेगळा. पहिल्यात तीच बाई आधी आणि नंतर, म्हणजे जोडी, पेअर्ड. दुसऱ्यात वेगवेगळ्या बायका, म्हणजे इंडिपेंडंट. पॅरामेट्रिक नॉन-पॅरामेट्रिक ते नंतर. ही पहिली पायरी चुकली तर पुढं टी लावा नाहीतर विलकॉक्सन लावा, उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं येणार.

आमच्याकडं थीसिसमध्ये सर्रास काय चालतं, व्यायाम गटात आधी-नंतर टेस्ट लावली पी ०.०१, सल्ला गटात लावली पी ०.०८, आणि निष्कर्ष लिहिला की व्यायाम सल्ल्यापेक्षा भारी. हे असं चालत नाही ओ! एका गटात ०.०५ च्या खाली आणि दुसऱ्यात वर, एवढ्यावरून दोन गटांत फरक सिद्ध होत नाही, दोन्हीकडचा फरक जवळजवळ सारखा असून पण असं येऊ शकतं. दोन गटांची तुलना करायची तर दोन गट समोरासमोर ठेवूनच करायची. प्रत्येक बाईचा बदल काढा (आधी वजा नंतर) आणि तो बदल दोन गटांत तपासा. चिठ्ठ्या टाकल्यात तुम्ही, एवढं चांगलं डिझाइन केलंय, मग ते वाया कशाला घालवायचं?

नॉर्मॅलिटीचं मास्तर आले की सांगतीलच, मी ऑफिसात आहे.

---

शहापूरचे_मास्तर

आलो. तीस वर्षं कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवलं, हा ३० चा नियम दरवर्षी कुणीतरी घेऊन यायचंच.

पोरी, ३० च्या खाली टी-टेस्ट चालत नाही हे ऐकलं की मला हसू येतं, कारण टी-टेस्ट जन्माला आली तीच लहान सॅम्पलसाठी. विल्यम गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस कंपनीत बिअरच्या कामावर होता, तिथं बार्लीचे, हॉप्सचे प्रयोग चार-पाच नमुन्यांवरच व्हायचे, शेकड्यानं नमुने कुठून आणणार. १९०८ साली त्यानं "स्टुडंट" या टोपणनावानं पेपर छापला. पडताळणीसाठी त्यानं ३००० कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी असलेला एक तयार डेटा घेतला, कार्डं पिसली आणि चार-चारचे ७५० सॅम्पल काढले. चारचे! तुझ्याकडं गटात १८ आहेत. तेव्हा ३० हा काही कायद्यातला आकडा नाही. जुन्या पुस्तकांत टी चे तक्ते साधारण ३० पर्यंत द्यायचे आणि पुढं नॉर्मलचा तक्ता वापरा म्हणायचे, तिथून ही समजूत पसरली असावी असं माझं मत.

मग लहान सॅम्पलला अडचण कसली? मूळ डेटा फार वाकडा असेल, एका बाजूला लांब शेपूट असेल, तर १८ जणांच्या सरासरीला ते वाकडेपण पुरतं झटकून टाकता येत नाही. मोठ्या सॅम्पलला येतं, सेंट्रल लिमिट थिअरममुळं (सॅम्पल वाढत गेलं की सरासरीचं वागणं नॉर्मलच्या जवळ जातं). म्हणजे प्रश्न "किती" एवढाच नाही, "किती आणि किती वाकडा" असा आहे. पकडीची ताकद किलोत मोजलीस, एकाच वयोगटातल्या बायका, ती बहुतेक बऱ्यापैकी सरळ येते. तिथं १८-१८ वर टी-टेस्ट लावायला मी तरी कचरणार नाही. शिवाय दोन्ही गट सारख्या संख्येचे आहेत, त्यामुळं दोन्हीकडचा पसारा थोडा कमीजास्त असला तरी टी फारशी बिघडत नाही. तरीपण वेल्चची टी वापर, ती पसारा सारखा असावा अशी अटच घालत नाही. एसपीएसएस सॉफ्टवेअरमध्ये दोन ओळी येतात त्यातली खालची, "इक्वल व्हेरियन्सेस नॉट अझ्यूम्ड" असं लिहिलेली. आर या सॉफ्टवेअरमध्ये तर काही न सांगता वेल्चच येते.

आता मैत्रिणीचं. दोन्ही गट एकत्र करून शॅपिरो लावायची नसते. कल्पना कर, व्यायामानं खरोखर फायदा झाला, मग एका गटाचे आकडे एका ठिकाणी गोळा होणार आणि दुसऱ्याचे दुसऱ्या ठिकाणी, एकत्र काढलं तर दोन उंचवटे दिसणार. ते नॉर्मल कसं येईल? म्हणजे उपचार यशस्वी झाला म्हणून तुझी टी-टेस्ट रद्द, असला प्रकार. अट आहे ती गटाच्या आतल्या विखुरण्याची. आणि जोडीची टेस्ट असेल तर आधीचे आकडे नॉर्मल हवेत असंही नाही, नंतरचे हवेत असंही नाही, फरक नॉर्मलच्या जवळ हवेत.

आणि शॅपिरोवर फार विसंबू पण नको. १९६५ ची टेस्ट, चांगली आहे, खरं तिची एक खोड आहे. सॅम्पल लहान असतं तेव्हा ती फारसं काही पकडत नाही, आणि सॅम्पल हजारात गेलं की किरकोळ वाकडेपणावर पण बोंब मारते. म्हणजे जिथं तुला गरज तिथं गप्प आणि जिथं गरज नाही तिथं आरडाओरडा. त्यापेक्षा प्रत्येक गटाचे ठिपके कागदावर मांड, क्यू-क्यू प्लॉट काढ (डेटा नॉर्मलच्या जवळ असला की त्यात ठिपके सरळ रेषेवर बसतात), डोळ्यानं बघ. कुठं एखादी बाई सगळ्यांपासून फार लांब आहे का, सगळे ठिपके शून्यालाच चिकटलेत का. १८ ठिपके तर आहेत.

---

थेट_मुद्दा

मास्तर नमस्कार. खरं मी म्हणतो एवढी डोकेफोड कशाला? सगळ्याला सरळ नॉन-पॅरामेट्रिक लावून टाकायचं, अटच नाही तर भानगडच नाही. गाईडपण खूश.

---

शहापूरचे_मास्तर

अट नाही हे कुणी सांगितलं? बायका एकमेकींपासून स्वतंत्र असाव्यात ही अट दोन्हीकडं आहे, आणि ती मोडली तर कुठलीच टेस्ट वाचवत नाही. एकाच घरातल्या सासू-सून दोघी घेतल्या आणि दोन वेगळ्या म्हणून मोजल्या तर मान-व्हिटनीला (दोन स्वतंत्र गटांची क्रमांकावरची टेस्ट) ते कळणार आहे थोडंच. आणि मान-व्हिटनी लावून "मीडियन (मधला आकडा) वेगळा आहे" असं लिहायचं असेल तर दोन्ही गटांचा आकार सारखा असावा लागतो, फक्त सरकलेला. आकारच वेगळा असेल तर ती टेस्ट मीडियनची राहत नाही. मीडियन दोन्हीकडं एकच असून पी ०.०५ च्या खाली येऊ शकतं, आणि पोरं मग विचारतात सर सॉफ्टवेअर बिघडलंय काय.

ती टेस्ट खरं विचारते ते असं: या गटातली कुठलीही एक बाई घेतली आणि त्या गटातली कुठलीही एक घेतली, तर पहिलीचा आकडा मोठा असण्याची शक्यता निम्म्यापेक्षा वेगळी आहे का? हातानं करून दाखवतो, म्हणजे डोक्यात बसेल.

समज व्यायाम गटात चौघींचं दुखणं इतकं कमी झालं: ४, ३, ५, २. सल्ला गटात: १, ०, २ आणि एकीचं वाढलं म्हणून उणे १. आठही आकडे लहानापासून मोठ्याकडं एका रांगेत लाव: उणे १, ०, १, २, २, ३, ४, ५. क्रमांक दे. दोघी २ वर आहेत, त्यांना चौथा आणि पाचवा नंबर वाटून द्यायचा, म्हणजे दोघींना साडेचार. व्यायाम गटाच्या क्रमांकांची बेरीज ७ + ६ + ८ + ४.५ म्हणजे २५.५. सल्ला गटाची १०.५. दोन्ही मिळून ३६, बरोबर, कारण १ ते ८ ची बेरीज ३६. आता २५.५ मधून १० वजा कर (चौघींना किमान १+२+३+४ मिळणारच होते), उरले १५.५. हेच ते यू. याचा अर्थ, व्यायाम गटातली एक आणि सल्ला गटातली एक अशा १६ जोड्या होतात, त्यातल्या साडेपंधरा जोड्यांत व्यायामवाली वरचढ. अर्धी कुठली तर ती २ आणि २ ची बरोबरी.

आता बघ गंमत. ५ च्या जागी टायपिंगमध्ये ५० पडलं समज. क्रमांक आठवाच, यू १५.५ चा १५.५. टी-टेस्टला विचार. बरोबर आकड्यांवर टी येतो ३.२९, आणि ५० टाकल्यावर घसरून १.२१! सरासरीचा फरक ३ वरून १४.२५ झाला, आकडा व्यायामाच्याच बाजूनं वाढला, तरी टी पडला, कारण पसारा त्याहून जास्त फुगला. रँकवाल्या टेस्टचा खरा उपयोग हा आहे. आणि धोका पण हाच आहे, ५० ही चूक आहे हे ती तुला कधीच सांगणार नाही. म्हणून डेटा आधी तपासायचा, टेस्ट मग.

---

कॅम्पातला_आरवाला

मास्तरांनी फळ्यावर शिकवल्यासारखं सांगितलं बघा 🙏

थेट_मुद्दा, "सेफ" म्हणून नॉन-पॅरामेट्रिक घेणाऱ्यांना माझं एक सांगणं, सॅम्पल फारच लहान असेल तर ती टेस्ट मुळात जिंकूच शकत नाही. विलकॉक्सन साइन्ड-रँक (आधी-नंतरच्या फरकांना क्रमांक देणारी जोडीची टेस्ट) घ्या, जोड्या फक्त ५. पाचही जणींत सुधारणा झाली, याहून चांगला निकाल शक्यच नाही, तरी दोन्ही बाजूंचं पी किती येतं? चिन्हांच्या ३२ शक्यता, त्यातल्या २ टोकाच्या, २ भागिले ३२ म्हणजे ०.०६२५. म्हणजे ५ जोड्यांवर ०.०५ च्या खाली जायचा रस्ताच बंद. ६ जोड्या झाल्या की ०.०३१, तेव्हा दार उघडतं. मान-व्हिटनी ३ विरुद्ध ३ असेल तर सगळ्यात लहान पी ०.१. लॅबमध्ये तीन-तीन उंदरांवर मान-व्हिटनी लावून "नो सिग्निफिकंट डिफरन्स" लिहिणारे मी बघितलेत, अरे यायचंच नव्हतं ते!

आणि उलट बाजू पण सांगतो. लोकांना वाटतं की नॉन-पॅरामेट्रिक म्हणजे ताकद लई कमी. तसं पण नाही. डेटा अगदी पक्का नॉर्मल असला तरी मोठ्या सॅम्पलमध्ये विलकॉक्सन (दोन गटांची, म्हणजे मान-व्हिटनीच) टी च्या मानानं सुमारे ९५.५ टक्के कामाची, ३ भागिले पाय. म्हणजे टी ला ९५ माणसं लागतात तिथं हिला साधारण १००. आणि हॉजेस आणि लेहमन यांनी १९५६ ला दाखवलं की दोन्ही गटांचा आकार तोच असेल तर कुठल्याही परिस्थितीत ती ८६.४ टक्क्यांच्या खाली जात नाही, आणि शेपूट लांब असेल तर टी च्या कितीतरी पुढं जाते. त्यामुळं निपाणीच्या अक्कांनी गाईडचं ऐकून मान-व्हिटनी लावली तरी आकाश कोसळणार नाही. फक्त कारण "३० च्या खाली" असं लिहू नका, व्हायव्हाला बाहेरचा एक्झामिनर बसला तर तिथंच धरेल.

---

भातवाला_खानापूर

मधेच घुसतो, माफ करा. मी शेती खात्याशी संबंधित कामात आहे, खानापूर तालुक्यात भाताच्या चार जाती सहा शेतकऱ्यांच्या शेतात लावल्या, प्रत्येकाकडं चारी जाती. उतारा काढला. एकानं सांगितलं गट दोनपेक्षा जास्त आहेत म्हणून क्रुस्कल-वॉलिस लाव. लावली, काहीच आलं नाही. डोळ्यानं बघितलं तर एक जात जवळजवळ प्रत्येकाकडं पहिली आहे. असं कसं?

---

शहापूरचे_मास्तर

कारण क्रुस्कल-वॉलिस (१९५२) ही वेगवेगळ्या स्वतंत्र गटांसाठी. तुमच्याकडं प्रत्येक शेतकरी हा एक ब्लॉक आहे. ओढ्याकाठचं वावर आणि माळावरचं वावर यात जातीपेक्षा जमिनीचा फरक मोठा, सगळे २४ आकडे एका रांगेत लावले की जातीचा फरक त्या गर्दीत बुडाला. तुम्हाला फ्रीडमन टेस्ट हवी, त्यात क्रमांक प्रत्येक शेतकऱ्याच्या आतच लावतात, १ ते ४. ओढ्याकाठचा आणि माळावरचा यांची आपसात तुलनाच होत नाही. १९३७ ची आहे, आणि हा फ्रीडमन म्हणजे तोच मिल्टन फ्रीडमन, पुढं १९७६ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तो. उतारा तसा सरळ आकडा आहे, तेव्हा ब्लॉक धरून टू-वे अनोव्हा (सरासऱ्यांची तुलना, जात आणि शेतकरी दोन्ही धरून) पण करून बघा, शेतीत पिढ्यान्‌पिढ्या तेच चालतं आणि त्यात "किती क्विंटल जास्त" हे पण मिळतं. क्रमांकातून ते मिळत नाही.

आणि विषय निघालाच आहे म्हणून, या रँकच्या दुनियेत आपली माणसं पण आहेत बरं का. दोन गटांचा पसारा तपासायची सुखात्मे टेस्ट, बी. व्ही. सुखात्मे, १९५७. अनेक गटांसाठी भापकरांची व्ही-टेस्ट, १९६१, ते पुणे विद्यापीठातले. वर्गात ही नावं घेतली की मागच्या बाकावरची पोरं पण मान वर करायची.

---

थेट_मुद्दा

मास्तर एक शंका, भांडण म्हणून नाही. दुखण्याचा स्कोर हा ऑर्डिनल, म्हणजे ८ हे ४ च्या दुप्पट असं म्हणता येत नाही, म्हणून टी नको, विलकॉक्सन घ्या असं सगळे सांगतात. खरं साइन्ड-रँकमध्ये आपण आधी-नंतरची वजाबाकी करतोच की! मग ९ वरून ७ आणि ३ वरून १ हे दोन्ही "२ ने कमी" म्हणून एकाच क्रमांकावर बसवतो. वजाबाकी चालत असेल तर सरासरीनं काय घोडं मारलंय?

---

शहापूरचे_मास्तर

शाब्बास. हा प्रश्न फार कमी जण विचारतात. बरोबर आहे तुमचं, विलकॉक्सनची जोडीवाली टेस्ट (१९४५) फरकांचे क्रमांक लावते, म्हणजे फरकाला अर्थ आहे असं ती गृहीत धरतेच, वर फरक दोन्ही बाजूंना सारखे पसरलेत अशी अट पण आहे. अगदी कडक ऑर्डिनल राहायचं असेल तर साइन टेस्ट, नुसतं किती जणींचं कमी झालं आणि किती जणींचं वाढलं एवढंच मोजायचं. ती ताकदीला कमी, खरं बायका स्वतंत्र असाव्यात यापलीकडं मागत पण काही नाही.

० ते १० च्या स्कोरवर दोन्ही मतांचे लोक आहेत आणि दोन्हीकडं शहाणी माणसं आहेत. मी स्वतः अशा ठिकाणी बदलाची वेल्च टी लावून सरासरी फरक आणि त्याची कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा) देतो, कारण फिजिओला "दीड गुण जास्त कमी झालं" हे कळतं, "यू बरोबर ९७" यातून पेशंटला काय सांगणार? खरं स्कोर टोकाला साचले असतील, म्हणजे निम्म्या बायका नंतर शून्यावरच आल्या, तर सरासरीचा हट्ट सोडायचा आणि मान-व्हिटनी. दहा प्रश्नांची बेरीज मात्र निर्धास्त सरासरीत घे. एकेका प्रश्नाचं उत्तर ऑर्डिनल, दहांची बेरीज ४० पैकी, ती बऱ्यापैकी सलग होते. एकेक प्रश्नावर दहा वेगळ्या टेस्ट मात्र लावू नको, दहा ठिकाणी जाळं टाकलं की कुठंतरी नुसत्या योगायोगानं ०.०५ सापडतंच.

आधीचे आकडे दोन गटांत थोडे वेगळे असतील तर बदलापेक्षा अनकोव्हा चांगली, नंतरचा आकडा उत्तर म्हणून आणि आधीचा सोबत कोव्हेरिएट म्हणून. त्यात नॉर्मॅलिटी बघायची ती रेसिड्युअलची, म्हणजे मॉडेलचा अंदाज वजा केल्यावर जे उरतं त्याची.

---

वडगावची_एमकॉम

सर माझं पण एक छोटंसं. पॉवरलूमवाल्यांचं महिन्याचं उत्पन्न आणि बचत, दोन्हीत संबंध आहे का बघायचंय. बहुतेक सगळे मजुरीवाले, दोन-तीन मालक आहेत ते पार वर. कोरिलेशन पिअर्सनचं की स्पिअरमनचं?

---

कॅम्पातला_आरवाला

स्कॅटर काढा आधी. दोन-तीन मालक कोपऱ्यात वर बसले की पिअर्सन त्यांच्याच जिवावर मोठा येतो, बाकी सगळ्यांत काही संबंध नसला तरी. स्पिअरमन (१९०४, तसा जुनाच) क्रमांकावर चालतो, मालक फक्त "सगळ्यात वरचा" एवढाच राहतो. नाहीतर दोन्हीचा लॉग घ्या आणि मग पिअर्सन, पैशाच्या आकड्यांना लॉग चांगला मानवतो, फक्त कुणाची बचत शून्य असेल तर लॉग निघत नाही तिथं बघा. आणि मालक आणि मजूर हे मुळात एकाच अभ्यासात एकत्र घ्यायचे का, हे तुमच्या सरांना विचारा, ते टेस्टच्या आधीचं आहे.

---

निपाणीची_फिजिओ

बाप रे, एवढं सगळं! सर, अण्णा, थेट_मुद्दा सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून ठिपके काढले. पकडीची ताकद दोन्ही गटांत चांगली सरळ आली, टोकाचं कुणी नाही. प्रश्नावलीची बेरीज पण ठीक. दुखण्याच्या स्कोरला मात्र व्यायाम गटात नंतर बऱ्याच जणी ० आणि १ वरच गोळा झाल्यात, तिथं सर म्हणाले तसं मान-व्हिटनी घेते. पण असं एका थीसिसमध्ये दोन जातीच्या टेस्ट चालतात का? आणि गाईडना कसं सांगू, ते चिडतील.

शिवाय आर मध्ये दुखण्याचा बदल टाकून टेस्ट चालवली तर खाली लाल अक्षरात येतं "कॅनॉट कंप्यूट एक्झॅक्ट पी-व्हॅल्यू विथ टाइज". काहीतरी बिघडलं काय?

---

शहापूरचे_मास्तर

चालतात की. प्रत्येक मोजमापाची जात वेगळी, तर टेस्ट वेगळी असणारच. फक्त तीनपैकी मुख्य मोजमाप कुठलं ते ठरव, सिनॉप्सिसमध्ये आधी लिहिलं असशील तर तेच, आणि बाकी दोन दुय्यम म्हणून दे. एक मात्र कटाक्षानं पाळ, टी पण लावायची मान-व्हिटनी पण लावायची आणि ज्याचं पी लहान तेवढंच छापायचं, हे करायचं नाही. तो आकडेवाला "पी येतंय" म्हणाला ना, ते ऐकूनच मला धास्ती वाटली.

गाईडशी वाद घालायला जाऊ नको. ठिपक्यांचे कागद घेऊन जा, म्हण सर मी दोन्ही पद्धतीनं बघितलं, पकडीच्या बाबतीत निष्कर्ष एकच येतोय का बघा, मुख्य निकाल टी चा ठेवते आणि मान-व्हिटनी पडताळणी म्हणून परिशिष्टात देते. दोन्ही छापलं तर त्यात लपवाछपवी नाही आणि गाईडचा शब्द पण राहतो. बहुतेक गाईड यावर सही करतात, माझा अनुभव.

---

कॅम्पातला_आरवाला

लाल अक्षरांना घाबरू नका, ती वॉर्निंग आहे, एरर नाही. एक्झॅक्ट पी काढायचा आर चा जो हिशेब आहे तो सगळे आकडे वेगवेगळे आहेत असं धरून चालतो, तुमच्याकडं ० ते १० चा स्कोर, ३६ बायका, बरोबरी होणारच. मग आर काय करतो, बरोबरीवाल्यांना सरासरी क्रमांक देतो (मास्तरांचं साडेचार आठवा) आणि नॉर्मल अ‍ॅप्रॉक्सिमेशननं पी काढतो. १८-१८ ला ते पुरेसं आहे. तरीपण एक्झॅक्टच हवं असेल तर "कॉइन" नावाचं पॅकेज टाका, त्यात बरोबरी असून पण एक्झॅक्ट निघतं. आर नको असेल तर जमोवी घ्या, फुकट आहे, इंडिपेंडंट टी-टेस्टच्या खिडकीतच वेल्च आणि मान-व्हिटनी दोन्हीला टिक करायची सोय आहे.

आणखी एक, गटाच्या आत आधी-नंतर साइन्ड-रँक लावणार असाल तर ज्या बायकांचा बदल शून्य आहे त्यांना आर सरळ वगळतो. सल्ला गटात अशा बऱ्याच असतील बहुतेक. १८ पैकी ६ जणींचा बदल शून्य असेल तर टेस्ट १२ जणींवरच झाली, टेबलाखाली तो आकडा लिहा, आणि बरोबरी होती म्हणून अ‍ॅप्रॉक्सिमेट पी घेतलं हे पण एका ओळीत लिहा. प्रॅट यांनी १९५९ ला शून्यांना धरून क्रमांक लावायची पद्धत दिलीय, "कॉइन"मध्ये ती मिळते, शून्य फारच असतील तर तीच घ्या.

---

निपाणीची_फिजिओ

शून्यवाल्या ५ निघाल्या सल्ला गटात, व्यायाम गटात १. प्रॅट घेते मग. उद्या दुपारी गाईडकडं जातेय कागद घेऊन, त्यांनी काय विचारलं ते इथं टाकते.

---

शहापूरचे_मास्तर

क्यू-क्यू प्लॉट रंगीत प्रिंट काढ, दोन गट दोन रंगात. आणि सासू-सून कुणी एका घरातल्या दोघी आहेत का यादीत, ते जायच्या आधी एकदा बघून घे.

---

निपाणीची_फिजिओ

आहेत सर एक जोडी, जावा जावा आहेत. दोघी एकाच गटात आल्यात 😬 काय करू?

---

शहापूरचे_मास्तर

एकच जोडी आहे तर घाबरू नको. दोघींना ठेवून निकाल काढ, मग त्यातली एक चिठ्ठी टाकून वगळ आणि परत काढ. निकालात फारसा फरक नसेल तर मर्यादा म्हणून एक वाक्य लिही आणि पुढं हो.